मागच्या सीटवरचे ब्रेक

मास्तरांनी नवी सायकल अंगणात आणून उभी केली, तेव्हा मास्तरीणबाईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "अहो, पुढच्या हँडलला ब्रेक कुठायत?"

"मागे."

"मागे म्हणजे?"

"माझ्याकडे. शिकणाऱ्याच्या हातात ब्रेक द्यायचा नसतो."

आता हे मास्तर शाळेतले नव्हेत, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांचा गाडी शिकवण्याचा क्लास होता. अशा क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो. शिकणारा भांबावला की मास्तर आपल्या बाजूचा ब्रेक दाबत आणि गाडी जिथल्या तिथे थांबे. सगळा जन्म असा दुसऱ्यांच्या चुकांवर पाय ठेवून बसण्यात गेल्यामुळे त्यांची एक ठाम समजूत झाली होती. जगात अपघात होतात ते ब्रेक चुकीच्या माणसाकडे असतो म्हणून.

अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली. औषधवाल्याला शिकवली, औषधवाल्याच्या सासूला शिकवली. बायकोचा विषय निघाला की मात्र, "तुझं बघू गं निवांत!" शेवटी क्लास बंद करून मास्तर घरी बसले, निवांतपणाच निवांतपणा झाला, तेव्हा मास्तरीणबाई म्हणाल्या, "गाडीचं राहू द्या. मला सायकल शिकवा. त्या डोंगरातल्या रस्त्याने मला एकटीने फिरायचंय."

मास्तरांनी शिकवायचं कबूल केलं आणि दोघांची सायकल घेऊन आले. एकामागे एक दोन सीटा, दोन हँडलं, आणि खडीवरून न घसरता जाणारे जाड टायर. मागचं हँडल नुसतं धरायला असतं. मास्तरांनी दुकानदाराच्या मानगुटीवर बसून दोन्ही ब्रेक त्या मागच्या हँडलवरच बसवून घेतले. वर घंटीसुद्धा.

"मास्तर, असं कोणी करत नाही हो," दुकानदार म्हणाला.

"म्हणून तर लोक पडतात," मास्तर म्हणाले.

सराव झाला, आणि मग मास्तरांनी अट घातली. डोंगरापलीकडच्या जुन्या गिरणीपर्यंत एकही चूक न करता सायकल न्यायची. जमलं तर ब्रेक पुढे, आणि मास्तरीणबाईंना वेगळी सायकल. नाही जमलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा परीक्षा.

मास्तरीणबाई दोनदा नापास झाल्या होत्या. पहिल्या वेळी वळताना हात दाखवला नाही म्हणून.

"अहो, पण कोणाला दाखवू? रस्त्यावर चिटपाखरू नाही!"

"रस्ता रिकामा असला म्हणून नियम सुट्टीवर जात नाहीत."

दुसऱ्या वेळी शेळीकडे बघून हसल्या म्हणून. मास्तरांच्या मते ते लक्ष विचलित होण्यात मोडत होतं.

रस्ता खरोखरच रिकामा होता. डोंगरात पूर्वी दगडाची खाण होती, तिच्या ट्रकांसाठी तो केलेला. खाण बंद पडली, ट्रक गेले, आणि मोटारी शिरू नयेत म्हणून दोन्ही टोकांना खांब रोवले गेले. राहिली ती चाकाखाली कुरकुरणारी खडी, दोन्ही बाजूंचं पिवळं गवत आणि वारा. मास्तरांना तो रस्ता फार आवडायचा. ते म्हणत, "इथे समोरून कोणी येतच नाही. चूक झाली तर ती तुझीच, यात वादच नाही."

त्या दिवशी सकाळी दोघं निघाली. सपाटीवर सगळं सुरळीत होतं. मास्तरीणबाई पुढे हँडल धरून, मास्तर मागे ब्रेक धरून.

"डावीकडे दगड आहे."

"दिसला."

"दिसला तर बोलली का नाहीस?"

"चुकवला ना!"

"आधी बोलायचं, मग चुकवायचं."

मग मोठा चढ आला. अर्ध्यावर मास्तरांचे गुडघे बोलू लागले. गुडघ्यांचं मात्र मास्तर मुकाट्याने ऐकत. ते उतरले.

"मी पण उतरू का?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"मुळीच नाही! परीक्षेत मधेच उतरलेलं चालत नाही. तू पाय मारत राहा, मी मागून ढकलतो."

एक जण पाय मारतोय, एक जण ढकलतोय, अशी वरात कशीबशी माथ्यावर पोचली. माथ्यावर मास्तरांनी श्वास घ्यायला आणि चष्मा पुसायला सायकलवरचा हात काढला. मास्तर थांबले. सायकल थांबली नाही.

"ब्रेक!" मास्तर ओरडले आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी उजवा पाय करकचून जमिनीवर दाबला.

जमीन होती तिथेच राहिली. सायकल गेली.

"मग दाबा ना!" मास्तरीणबाई म्हणाल्या. मागे वळून बघणं ही चूक धरली जाई, म्हणून त्यांनी बघितलं नाही. सायकल वेग घेऊ लागली. "अहो, दाबा की! आता नाही तर कधी दाबणार?"

मागून उत्तर नाही. मास्तर मागे आहेत आणि सूचना देत नाहीत, असं आजवर झालं नव्हतं. म्हणजे मास्तर मागे नाहीत, हे मास्तरीणबाईंच्या लक्षात आलं, आणि त्यापाठोपाठ ब्रेकही नाहीत तेही. मागच्या हँडलला ते होते खरे, पण तिथवर हात पोचायचा तर हात शिडीएवढा लांब हवा.

रडावंसं वाटलं. पण रडायलाही एक हात मोकळा लागतो. त्यांनी दात-ओठ घट्ट मिटले, हँडल धरलं आणि सायकल रस्त्याच्या मधोमध ठेवली. पहिलं वळण आलं. परीक्षा अजून चालूच होती. म्हणून, वाचणाऱ्याला खोटं वाटेल, पण त्या वेगात त्यांनी डावा हात बाहेर काढून वळणाची खूण केली.

वळणापलीकडे सायकलस्वारांचा एक क्लब भर रस्त्यात पथारी पसरून खात बसला होता. गाड्यांचा रस्ता नाही, मग बसायला काय हरकत?

"बाजूला व्हा!" मास्तरीणबाई ओरडल्या. "माझे ब्रेक मागून येतायत!"

डबे उडाले, माणसं गवतात गेली, आणि त्यांच्यामधून सायकल सूं करत निघून गेली. मागची सीट रिकामी. पुढच्या वळणाला पुन्हा हात बाहेर आला, तो सगळ्यांनी बघितला.

"ब्रेक मागून येतायत म्हणजे काय रे?" एकाने विचारलं.

तेवढ्यात मास्तर धावत आले. एक हात कमरेवर, चष्मा कपाळावर.

क्लबची म्होरकी एक गुलाबी हेल्मेटवाली होती. तिने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "काका, ब्रेक म्हणजे तुम्हीच का?"

"मीच!" मास्तर धापा टाकत म्हणाले. "तुमची सायकल द्या जरा!"

"घ्या, पण काका, हिचे ब्रेक ना—"

"मला ब्रेक शिकवू नका!" असं म्हणून मास्तर तिच्या सायकलवर बसून निघालेसुद्धा.

ती सायकल उतारावर पळायला टपलेलीच होती. तिचं हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं पुढून खाली वळलेलं. मास्तरांनी ते वरच्या सरळ भागात धरलं आणि नेहमीच्या जागी बोटं लांब केली. तिथे काही नव्हतं. बाजूला चाचपलं, तिथेही नव्हतं. ब्रेक होते खाली, शिंगांच्या वळणावर. तेच सांगण्यासाठी बिचारीने तोंड उघडलं होतं.

इकडे मास्तरीणबाईंची सायकल दरीच्या तळाशी पोचली, ओढ्यावरचा लहानसा पूल ओलांडून पलीकडच्या चढाला लागली आणि हळूहळू दमली. मास्तरीणबाईंनी अलगद पाय टेकला आणि सायकल कडेला बांधाला टेकवून ठेवली. सगळं अंग शाबूत होतं. त्यांनी नीट चाचपून खात्री केली आणि मग वर बघितलं.

वरून मास्तर येत होते. गाडीतसुद्धा त्यांनी एवढा वेग कधी कोणाला घेऊ दिला नव्हता.

"अगंऽऽ," ते ओरडत होते, "हिचे ब्रेक कुठायतऽऽ?"

"घाबरू नका!" मास्तरीणबाईंनी तोंडाभोवती हात धरून ओरडून सांगितलं. "खाली बघू नका! समोर बघा! पुलानंतर चढ आहे, आपोआप थांबेल!"

सूचना अगदी बिनचूक होती. पण मास्तरांना सूचना द्यायची सवय, ऐकायची कुठे होती? ते ब्रेक शोधत खाली हँडलकडेच बघत राहिले. सायकल पुलाआधीच रस्ता सोडून गवतात शिरली आणि तिथे मऊपणे आडवी झाली. मास्तर तेवढ्यावर थांबले नाहीत, ते ओढ्यात जाऊन बसले.

पाणी मांडीएवढंच होतं. लागलं नाही कुठे. चष्मासुद्धा कपाळावर जागच्या जागी.

क्लब खाली पोचला, म्होरकी एकाच्या सायकलच्या दांड्यावर बसून. गुलाबी हेल्मेटवालीने आधी गवतातली आपली सायकल बघितली, मग ओढ्यातले काका बघितले, आणि मग ती मास्तरीणबाईंकडे वळली. "काकू, एवढा उतार तुम्ही ब्रेकशिवाय आलात? आम्ही दोन्ही ब्रेक धरून आलो, तरी जीव मुठीत होता!"

"वळताना हात दाखवला का, ते विचारा आधी," ओढ्यातून आवाज आला.

"दाखवला!" सगळे एकदम म्हणाले. "आम्ही बघितलंय!"

मास्तरांनी पायातला बूट काढून त्यातलं पाणी ओतलं. मग दुसऱ्यातलं ओतलं. आणखी ओतण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ते पुटपुटले, "पास."

"काय म्हणालात?" मास्तरीणबाईंनी विचारलं. "ओढ्याचा आवाज होतोय."

"पास म्हटलं, पास! कितीदा सांगू?"

टाळ्या झाल्या. गुलाबी हेल्मेटवालीने पिशवीतून पाना काढला. "काकू, आत्ताच पुढे बसवून देऊ का ब्रेक?"

मास्तरीणबाईंनी सायकलकडे बघितलं, समोरच्या चढाकडे बघितलं, ओल्या मास्तरांकडे बघितलं.

"नको," त्या म्हणाल्या. "मागेच बरे आहेत."

मास्तरांचा चेहरा उजळला. "मी म्हणत नव्हतो? ब्रेक कसा अनुभवी माणसाच्या—"

पण मास्तरीणबाई तोवर मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. "माझी वेगळी सायकल उद्या आणू. आज या, बसा पुढे."

"मी? पुढे? अगं, पण पुढे ब्रेक नाहीत!"

"ठाऊक आहे मला," मास्तरीणबाई म्हणाल्या.

चढ संपला आणि गिरणीकडचा लांब उतार सुरू झाला. खाली पसरलेल्या टेकड्या, त्यांच्यावरून सरकणाऱ्या ढगांच्या सावल्या, आणि रस्त्यावर दुसरं कोणीच नाही. मास्तरांनी हँडल इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती.

"अगं, ब्रेकवर हात आहे ना?"

"आहे हो."

"दोन्ही?"

"एक. दुसऱ्याने तुम्हाला तो पलीकडचा सुळका दाखवतेय. बघा ना, काय देखणा दिसतोय!"

मान वळवण्याची मास्तरांची छाती झाली नाही.

"फार सुंदर आहे," समोरच्या खडीवर डोळे रोवून ते म्हणाले.