तक्रारीला जोडलेले चार फोटो

निसर्गाचा फोटो कसा काढावा हे मला कळतं. हे मी गर्वाने सांगत नाही, अभ्यासाने सांगतो. डिजिटल एसएलआर कॅमेरा घ्यायचा ठरल्यावर चार महिने मी दुसरं काही वाचलं नाही. सेन्सर मोठा की लहान, लेन्स कोणती, बॉडी कोणती, यावर मी ऑफिसात इतकं बोललो की जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावरची माणसं एकेक करून खिडकीपाशी जेवायला गेली. कॅमेऱ्याचा दुकानदार तर सहाव्या खेपेला मला लांबून बघूनच आत जायला निघाला होता.

"साहेब, तुम्हाला काढायचंय काय?" त्याने शेवटी विचारलं.

"निसर्ग."

"मग यातला कुठलाही न्या. फोटो डोळा काढतो. चौकटीत काय घ्यायचं यापेक्षा चौकटीबाहेर काय ठेवायचं, एवढं कळलं की झालं."

हे वाक्य मी तिथेच वहीत लिहून घेतलं. कॅमेरा मात्र वजनावर निवडला. गळ्यात घातल्यावर मान खाली गेली की समजायचं, वस्तू चांगली आहे.

आता आमच्या बायकोचं आणि निसर्गाचं नातं जरा वेगळं आहे. आमच्या बिल्डिंगच्या मागे एक तळं आहे. म्हणजे होतं. गेली तीन वर्षं सगळा परिसर आपलं नको असलेलं तिथे आणून टाकतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या, फाटकी गादी, दार नसलेला फ्रीज आणि कोणा उदार माणसाने दिलेला एक अख्खा कमोड. मागच्या बाजूच्या खिडक्या आम्ही उघडत नाही. खालच्या मजल्यावरच्या दोन पोरी यंदा डासांमुळे तापाने फणफणल्या, त्यातली एक दहा दिवस दवाखान्यात होती. तेव्हापासून बायकोने जी लेखणी हातात घेतली ती खाली ठेवली नाही. नगरपालिकेला तिने अकरा अर्ज केले. अकराव्या अर्जाला उत्तर आलं: सोमवारी सुनावणी, जागेचे चार फोटो सोबत आणावेत, अन्यथा प्रकरण बंद करण्यात येईल.

"अहो," ती म्हणाली, "तो दगड गळ्यात घालून फिरता ना? त्याचा एकदा तरी घराला उपयोग होऊ दे. मला चार फोटो द्या. चांगले."

चांगले, असं ती म्हणाली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे ती ते नाकबूल करते.

रविवारी पहाटे मी तळ्यावर गेलो. मनात खरोखर घाणीचाच फोटो होता, शपथेवर सांगतो. पण कॅमेरा डोळ्याला लावला आणि माझ्यातला कलावंत जागा झाला. क्षितिज मधोमध येत होतं, ते मी वरच्या तिसऱ्या हिश्शात नेलं. उजवीकडचा फ्रीज डोळ्यात खुपत होता, म्हणून दोन पावलं डावीकडे सरकलो. डावीकडे गादी होती, म्हणून खाली बसलो. तरी तिचा कोपरा येतच होता, मग सरळ पोटावर झोपलो. ट्रायपॉड बुटका करून शटर बराच वेळ उघडं ठेवलं की हलणारं पाणी धुक्यासारखं मऊ दिसतं, हे मी वाचलं होतं. तसं केल्यावर पाण्यावरच्या सगळ्या पिशव्यांचं सुरेख धुकं झालं. आता फक्त समोर काहीतरी हवं होतं. समोर काही नसेल तर निसर्ग रिकामा वाटतो. तेवढ्यात सूर्य वर आला आणि पाण्यात कलंडलेल्या कमोडवर तिरपं ऊन पडलं. काय सांगू! पांढराशुभ्र खडक! चारही फोटोंत मी त्याला वेगवेगळ्या कोपऱ्यात बसवला.

फोटो मोठे छापून घेतले, पाकिटात घातले आणि सोमवारी ऑफिसातून परस्पर सुनावणीला पोचलो. बायको आधीच येऊन बसली होती. तिने पाकीट न उघडता टेबलावर ठेवलं. नवऱ्यावरचा विश्वास, दुसरं काय.

आरोग्य अधिकारी गंभीर माणूस होता. त्याने पहिला फोटो काढला, लांब धरला, जवळ धरला. मग चष्मा पुसून बाकीचे तीन पाहिले.

"बाई, तुमची तक्रार नेमकी काय आहे?"

"साहेब, फोटोत दिसतंच आहे की सगळं."

"दिसतंय ना. म्हणून तर विचारतो."

त्याने फोटो तिच्याकडे फिरवले. बायकोने पाहिले. मग तिने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण ही नजर माझ्या संग्रहात नव्हती.

"साहेब, हे ते तळं नाही," ती म्हणाली.

"नाही कसं? मागे तुमची बिल्डिंग आहे. काढलेत कोणी?"

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. मी उभा राहिलो.

"मी काढलेत. पहाटे सहाचा उजेड आहे."

"वा! आणि हा खडक?"

खडक काय आहे हे सांगायची ती वेळ होती. मला ती कळलीही होती. पण आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या फोटोला वा म्हटलं होतं. "तो तिथलाच आहे," मी म्हणालो. यात खोटं काहीच नव्हतं.

तक्रार निकालात निघाली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं मी घरी जाताना म्हणालो. बायको काहीच म्हणाली नाही. ती न बोलण्याची मुदत पुढे दोन दिवस चालली.

तिसऱ्या दिवशी नगरपालिकेचा माणूस तळ्यावर पाटी ठोकून गेला. पाटीवर मी काढलेला फोटो आणि खाली मजकूर: 'निसर्गरम्य स्थळ. येथील कोणतीही नैसर्गिक वस्तू हलवू नये.' शेजारी खुर्ची टाकून एक पहारेकरी बसवला. बायको बिल्डिंगमधल्या सहा बायका आणि दोन फावडी घेऊन स्वतःच सफाईला गेली, तर त्याने कमोडला हात लावू दिला नाही.

"बाई, तो मुख्य खडक आहे."

"अहो, त्याला झाकण आहे!"

"ते मला माहीत नाही. फोटोत आहे तो इथे राहणार."

त्या रात्री बायकोने मौन सोडलं. जे बोलली ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही; चांगले फोटो आपण मागितलेच नव्हते, असंही म्हणाली. शेवटी म्हणाली, "खालच्या पोरीला परत ताप आलाय. आता काय करायचं ते तुम्हीच सांगा." मला खरंच वाईट वाटलं. माणूस हौशी असला तरी निर्दय नसतो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी तळ्यावर गेलो आणि ताठ उभं राहून, जे समोर दिसलं ते सगळं घेऊन चार फोटो काढले. गादी, फ्रीज, पिशव्या, आणि कमोड अगदी झाकणासकट. ते घेऊन मी आणि बायको अधिकाऱ्याकडे गेलो. त्याने पाहिले आणि दुःखाने मान हलवली.

"यात तुमची ती नजर नाही हो. दुपारचा उजेड, काहीही कुठेही. घाई केलीत तुम्ही."

"साहेब, खरं तळं हेच आहे," बायको म्हणाली. "तुम्ही एकदा येऊन बघा."

"येणारच आहे. या रविवारी पहाटे." मग त्याने जरा लाजत टेबलाखालून पिशवी काढली. आत कॅमेरा होता. कोराकरकरीत, माझ्यापेक्षा जड. "तुमचे फोटो पाहिले आणि राहवलं नाही. ती जागा तेवढी दाखवा, जिथून तुम्ही काढलेत."

बायको पहिल्यांदा हसली. "हे दाखवतील ना," ती म्हणाली. "अगदी झोपून दाखवतील."

रविवारी अधिकारी पांढरा सदरा घालून आला. मी त्याला नेमकी जागा दाखवली. तो उभा राहिला, तर फ्रीज आला. बसला, तर गादी आली.

"झोपावं लागेल साहेब," मी म्हणालो. "पुढे रेला थोडं. अजून थोडं."

तो पोटावर झोपला आणि पुढे रेलला. मी पहाटेच्या अंधारात जिला घट्ट जमीन समजून झोपलो होतो ती आठवड्यात चांगलीच सैल झाली होती. कोपरं गेली, मग छाती गेली. कॅमेरा त्याने दोन्ही हातांनी वर उचलून धरला, हे मात्र मानलं पाहिजे. पहारेकऱ्याने पाय धरून त्याला ओढून काढलं तेव्हा सदऱ्याचा रंग सांगता येत नव्हता आणि वास सांगवत नव्हता.

"बाई," तो श्वास रोखून म्हणाला, "इथे फार घाण आहे हो."

"अकरा अर्ज झाले साहेब," बायको म्हणाली आणि बारावा पुढे केला.

त्याने तिथेच सही केली. कागदावर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसाही उमटला, तो आम्ही ठेवून घेतलाय. सोमवारी दोन ट्रक आणि एक यंत्र आलं, आठ दिवसांत तळं लख्ख झालं. खिडक्या उघडल्या. खालची पोर गॅलरीत येऊन पाणी बघत बसते. तळ्याची देखरेख नगरपालिकेने बायकोकडेच सोपवली.

मीही कॅमेरा घेऊन गेलो. पहाटेचा तोच उजेड, तेच तळं. पण फोटो काही केल्या जमेना. समोर काहीच नव्हतं हो! नुसतं स्वच्छ पाणी. तासभर धडपडलो, मग घरी आलो, माळ्यावरची पाय मोडलेली खुर्ची काढली आणि हळूच नेऊन काठावर ठेवली. पाचच मिनिटांसाठी. पहारेकऱ्याने फोटोपुरताही वेळ दिला नाही.

नव्या पाटीवर आता फोटो नाही. 'येथे कचरा टाकणाऱ्यांची नावे' असा ठळक मथळा आहे. खाली सध्या एकच नाव आहे, माझं, वडिलांच्या नावासकट. अक्षर बायकोचं आहे, आणि ते नाव तिने पाटीच्या बरोब्बर मधोमध लिहिलंय.