‘मर’ असे छापले आहे तेथे

झाडाखाली झाड उगवतं, ही गोष्ट निसर्गाला कोणी शिकवावी लागत नाही. सरकारला मात्र ती कळवावी लागते, आणि कळवायची तर कार्यालय लागतं. असं एक कार्यालय १९५८ साली बंगळूरला मल्लेश्वरममधल्या एका भाड्याच्या बंगल्यात उघडलं. त्याचं नाव ‘खंडित अरण्य वृक्ष-पुनरुत्पत्ती कक्ष’. कॉफीच्या मळ्यांनी घाटातल्या सदाहरित जंगलाचे तुकडे पाडले होते. अशा तुकड्यात जुन्या झाडांमागे नवी झाडं उभी राहतात की नाही, हे कक्षाने शोधायचं होतं. राहतात असं ठरलं तर जंगल ठेवायचं. नाही ठरलं तर तोडून नीलगिरी लावायची. तपासायचा तुकडा सकलेशपूरच्या पलीकडे, एका दिवसाच्या प्रवासावर होता. (जंगलात बसून जंगलाचा अभ्यास केला तर मन जंगलाच्या बाजूने झुकतं. कक्षाला निःपक्षपाती राहायचं होतं.)

कक्षाचे प्रमुख नरसिंहराव अनुभवी, भव्य आणि चहूबाजूंनी पसरलेले गृहस्थ होते. त्यांच्या हाताखाली आलेला माणूस सुरुवातीला टवटवीत दिसे, पुढे पिवळा पडे आणि मग बदली मागे. याच जागेवर पुण्याहून दामोदर आला. हरभऱ्याचं रोप उभ्या उभ्या सुकतं तेव्हा शेतकरी ‘मर लागली’ म्हणतात. त्या मर रोगावर दामोदरने प्रबंध लिहिला होता. जंगलासाठी त्याची निवड झाली ती त्यामुळेच. (हरभरा आणि जंगल, दोन्ही हिरवी असतात.)

प्रत्यक्ष पाहणी हंबीररावांकडे होती. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून बंगळूरला आलं ते परत जायचं राहूनच गेलं. बसवनगुडीतल्या घरात ते मराठी बोलत, आणि मूळची मराठी ती आपलीच, पुण्याची नंतर बिघडली, असं त्यांचं मत होतं. कार्यालयाचा कारभार इंग्रजीत चाले. पण परमुलखात मराठी माणूस भेटल्यावर दामोदरला इतकं भरून आलं की पाहणीचा वृत्तांत त्याने तोंडी आणि मातृभाषेत घ्यायचं ठरवलं. परक्या भाषेत गैरसमज होतात, असं त्याचं म्हणणं होतं.

हंबीरराव जंगलातून परतले तेव्हा दामोदर पेन्सिलीला टोक करून बसला होता. जंगल कसं आहे, असं त्याने विचारलं.

“मरच मर, साहेब,” हंबीरराव कौतुकाने म्हणाले. “वर आभाळ दिसंना.”

दामोदरला आधी वाईट वाटलं, मग, खोटं कशाला बोला, थोडा आनंदही झाला. जंगलात मर आजवर कोणी पाहिली नव्हती. कधीपासून आहे, असं त्याने हळूच विचारलं.

“दोनशे वर्षांची जुनी मर. मी हात लावून पाहिलो. असली घट्ट.”

“आणि रोपं?”

“स्वल्प.”

तीनशे वर्षं परमुलखात राहूनही इतका शुद्ध संस्कृत शब्द टिकवल्याबद्दल दामोदरने त्यांच्याकडे आदराने पाहिलं. एवढी मर आहे तर सगळं काढून नवी लागवड करावी लागेल, नाही का, असं त्याने विचारलं. साहेबाला नाही म्हणायची पद्धत हंबीररावांच्या घराण्यात नव्हती.

“सरी,” ते म्हणाले.

लागवड सऱ्या पाडून करावी, असं दामोदरने लिहून घेतलं.

अहवाल नमुनेदार झाला. रोगाचं प्रमाण: संपूर्ण. रोगाचं वय: दोनशे वर्षं. रोगाची प्रकृती: उत्तम. नरसिंहरावांनी तो वाचला नाही, कारण त्यांना सही करायची होती. वरच्या कार्यालयाने शेजारच्या कॉफीला लागण होण्याचा संभव जोडला, त्याच्या वरच्याने तातडी जोडली, आणि पावसाळा संपताच जंगल तोडावं असा हुकूम निघाला. सर्व टप्पे विनाविलंब पार पडले, हे नमूद करायला हवं.

मग एके दिवशी अहवाल टाइप करणाऱ्या राजलक्ष्मी खिडकीतून माळ्याशी कन्नडमध्ये बोलत होत्या. त्यांच्या तोंडून ‘माविन मर’ असे शब्द ऐकून दामोदर भिंग घेऊन अंगणात धावला. अंगणातला आंबा फळांनी वाकला होता. त्याने पानं उलटी करून पाहिली, खोडावर वाजवून पाहिलं, आणि परत येऊन हा रोग आपल्याला आधी का कळवला नाही, असं राजलक्ष्मींना विचारलं. त्या टाइपरायटरवरून नजर न काढता म्हणाल्या, की आमच्याकडे आंब्याच्या झाडाला माविन मर म्हणतात, आणि इतर झाडांनाही मरच म्हणतात.

दामोदर खुर्चीत बसला. ‘सरी’ म्हणजे काय, हे विचारायचा त्याला धीर होईना. राजलक्ष्मींनी न विचारता सांगितलं, की ‘सरी’ म्हणजे ‘बरं’.

दुसऱ्या सकाळच्या बसने तो हंबीररावांना घेऊन जंगलात गेला. जंगल त्याने प्रथमच पाहिलं. झाडं ठणठणीत होती. हंबीररावांनी सांगितलं होतं तसं वर आभाळ दिसत नव्हतं. पायाशी फळांचा खच होता, आणि त्यातून आलेली रोपं काडीसारखी बारीक, एकाच उंचीची, आईच्या सावलीत खुरटलेली होती. (दामोदरला नरसिंहरावांची आठवण झाली.) फळ गिळून बी दूर नेऊन टाकणारा धनेश पक्षी मळ्यांची उघडी जमीन ओलांडून इकडे येईनासा झाला होता. रोग कसलाच नव्हता. इथून पलीकडच्या जंगलापर्यंत झाडांचा एक पट्टा राखला असता तर धनेश आला असता, आणि झाडांनी पुढचं आपलं आपण पाहिलं असतं. दामोदरला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त त्या झाडांची दया आली.

परत येऊन त्याने नरसिंहरावांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. मंजूर झालेल्या अहवालात चूक असू शकत नाही, चूक फक्त छपाईत असते, असं त्यांनी समजावलं. आणि छपाईतल्या चुकीसाठी शुद्धिपत्राची सोय आहे. शुद्धिपत्र वाचून एकाही कार्यालयाने उलट टपाली विचारणा केली, तर तोड थांबवता येते.

शुद्धिपत्र छापलं गेलं. मजकूर इंग्रजीत, पण अर्थ असा: “पान चार, ओळ नऊ. ‘मर’ असे छापले आहे तेथे ‘झाड’ असे वाचावे. ‘सरी’ असे आहे तेथे काहीही वाचू नये.” ते सगळ्या कार्यालयांना गेलं. दामोदर रोज टपालाची वाट पाहू लागला. काहीच येईना तेव्हा त्याने एकेका कार्यालयाला फोन लावला. शुद्धिपत्र सर्वांना मिळालं होतं. सर्वांनी ते अहवालाच्या शेवटी नीट चिकटवून ठेवलं होतं. त्यात काय लिहिलंय ते मी आत्ता सांगतो, असं दामोदर म्हणाला, तेव्हा फोनवरून दुरुस्ती घेता येत नाही, शुद्धिपत्र पाठवा, असं त्याला सांगण्यात आलं.

पावसाळा संपला आणि जंगल तोडलं. सऱ्या उतारावर पाडल्या होत्या, त्यामुळे पुढल्या वर्षी त्यांतून माती वाहून गेली. पण नीलगिरी तग धरून राहिली. काही वर्षांनी हंबीरराव पाहणी करून आले.

“मर चांगली आली, साहेब,” ते म्हणाले.

हे कोणत्या भाषेत घ्यावं, ते दामोदरला ठरवता आलं नाही. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

कक्षाला मात्र आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं. तुटक जंगलाची पुनरुत्पत्ती अशी होते: जंगलाच्या जागी नीलगिरी येते, नीलगिरीचा कागद होतो, कागदाची पुस्तकं होतात आणि पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्रं असतात. आपल्या हातातल्या या पुस्तकालाही ते आहे. आपण ते वाचलेलं नाही, वाचणारही नाही, आणि त्याच्या भरवशावर कोणाचं काय उभं आहे हे विचारायला उलट टपाली पत्र तर मुळीच टाकणार नाही. वाचक म्हणून ही आपली रीत अगदी रास्त आहे. सगळ्या कार्यालयांची तीच होती.