आठ पुड्यांची किल्ली

घड्याळजींनी आयुष्यभर लोकांची घड्याळं उघडली, पण बायकोचा लॅपटॉप उघडायचं धाडस त्यांना आजवर झालं नव्हतं. बायको मुख्याध्यापिका. तिला शाळाच काय, शाळेसमोरचा वह्यावालाही टरकून असे. परवाच्या परीक्षेच्या सगळ्या प्रश्नपत्रिका त्या लॅपटॉपमध्ये होत्या आणि ती सहाला घरी येणार होती. परीक्षेला मनगटावर वडिलांचं घड्याळ हवं म्हणून तिने तेही दुरुस्तीला दिलं होतं. पण त्याची काळजी नव्हती, ते तर घड्याळजींचंच काम.

"ताईच्या लॅपटॉपची गोगलगाय झालीय, भावजी," मेव्हणा म्हणाला. "माझी नवी सिस्टीम नुसती चालवून दाखवतो. फक्त ते सिक्युअर बूट बंद करायचं."

"अजिबात नाही!" साडू ओरडला. तो बँकेतले कॉम्प्युटर सांभाळायचा. "तो दारावरचा रखवालदार आहे. सही ओळखल्याशिवाय कुठलीच सिस्टीम आत सोडत नाही. चालू ठेवा."

"रखवालदार कुणाचा? कंपनीचा! घर आपलं आणि आत कोण येणार ते कंपनी ठरवणार?"

"चोर शिरला की ये सांगायला. चालू ठेवा."

या वादात तीन रविवार गेले होते. घड्याळजींचे कान किटले. "कर बाबा एकदाचं बंद," ते म्हणाले.

मेव्हण्याने बंद केलं. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तो निळाशार. अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली द्या, म्हणत होता.

"प्रश्नपत्रिका?" घड्याळजींनी विचारलं.

"आत आहेत," मेव्हणा म्हणाला. "पण कुलपात. त्याला वाटतंय, आपण चोर आहोत."

"बरोबर वाटतंय त्याला," साडू म्हणाला. "आता तरी चालू करा."

"भावजी, ही वाद घालायची वेळ आहे का?" मेव्हणा साडूवर खेकसला.

घड्याळजींनी कामाच्या टेबलाच्या खणाकडे पाहिलं. किल्लीचा कागद बायकोने त्यांच्याच हातात दिला होता. "जीव गेला तरी हरवायचा नाही," असं बजावून. हरवला नव्हताच. पण उघडलेल्या घड्याळाची चक्रं नि स्क्रू पुडीत बांधून वर गिऱ्हाईकाचं नाव घालायची त्यांची पद्धत, आणि असा जाड, गुळगुळीत कागद रोज थोडाच मिळतो? त्यांनी त्याच्या मोजून आठ पुड्या केल्या होत्या.

तिघांनी खण उपसला. पुड्या सोडल्या, आतलं सगळं एका बशीत ओतलं, कागद सरळ करून जोडले. सातच भरले.

"आठवी?"

"पोस्टमनचं घड्याळ. काल घेऊन गेला."

"आणि पुडी?"

"केरात," घड्याळजींनी रिकामी टोपली दाखवली.

तेवढ्यात फोन वाजला. "पंधरा मिनिटांत येतेय," बायको म्हणाली. "पेपर छापायला पाठवायचेत. लॅपटॉप सुरू करून ठेवा." घड्याळजींनी "हो" म्हटलं, पण ते तिला ऐकू गेलं नसावं, कारण त्यांनाही गेलं नाही. तीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढी भीती कधीच वाटली नव्हती.

"अहो, चालू करा!" साडू आता टेबलावर हात आपटत होता. "रखवालदाराला परत जागेवर उभा करा, म्हणजे तो किल्ली मागायचाच नाही!"



"मग आधी का नाही बोललात?" मेव्हणा म्हणाला.

"मघापासून तेच बोलतोय. तुम्हाला ते माझं मत वाटलं!"

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे," मेव्हणा पुटपुटला. पण ताईचा प्रश्न त्याहून मोठा होता. त्याने कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून सिक्युअर बूट चालू केलं. लॅपटॉप मुकाट्याने उघडला. प्रश्नपत्रिका जागच्या जागी होत्या. घड्याळजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

दार वाजलं. मुख्याध्यापिकाबाई आल्या, बसल्या, पेपर पाठवले. "आज बराच चपळ चाललाय," त्या लॅपटॉपकडे बघत म्हणाल्या. मेव्हण्याने छताकडे पाहिलं.

मग बाईंनी मोकळं मनगट पुढे केलं. "अहो, बाबांचं घड्याळ द्या ना. झालं असेल."

घड्याळजींनी बशीकडे पाहिलं. सात घड्याळांची चक्रं तिच्यात गुण्यागोविंदाने नांदत होती आणि त्यांतली सासऱ्यांची कुठली, हे सांगणारा कुणीही दारावर उभा नव्हता.

तीन रविवारांत पहिल्यांदाच मेव्हण्याचं नि साडूचं एकमत झालं.

"आम्ही निघतो," दोघं एकदमच म्हणाले.