चेअरमनची दहा मिनिटं

चेअरमनच्या अंगाला तेल चोळायचं ठरवलं ते मी. त्यात बायकोचा किंवा हवेचा काही दोष नव्हता.

आधी चेअरमन कोण ते सांगतो. चेअरमन म्हणजे आमच्या आबांचा, माझ्या वडिलांचा, कुत्रा. कोऱ्हाळे बुद्रुकला आमच्या वस्तीवर पिल्लू म्हणून आला आणि पहिल्याच दिवशी अंगणातल्या एकमेव खुर्चीवर चढून बसला. पाहुणे आले तरी उतरेना. आबा साखर कारखान्याचे जुने सभासद, वार्षिक सभा कधी न चुकवणारे. ते म्हणाले, "ह्यो तर चेअरमन हाय." तेव्हापासून घरात त्याला सगळेच अहोजाहो करू लागले. (मला आबांनी जन्मभर 'अरे' म्हटलं.) संध्याकाळी उसाला पाणी देऊन झालं की आबा बांधावर बसत, भाकरी मोडून अर्धी त्याच्यापुढं धरत आणि म्हणत, "घ्या चेअरमन, बैठक भत्ता."

गेल्या वर्षी आबा गेले. थोरला भाऊ गावातल्या नव्या घरात राहायला गेला, वस्तीला कुलूप लागलं. चेअरमन मात्र त्या कुलपापुढंच बसून राहिले. भाकरी टाकली की वास घ्यायचे आणि तोंड फिरवायचे. शेवटी मी त्यांना बारामतीला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. (मी इंदापूरला एका पतसंस्थेत क्लार्क आहे. रोज एस्टीनं जा-ये करतो. घरात शेपूट हलवून स्वागत करणारं कुणीतरी असावं, एवढाच त्यात माझा स्वार्थ.)

श्रावणात घरात वास सुटला. आंबलेल्या पिठासारखा. बायकोनं, म्हणजे राजलक्ष्मीनं, आंबोळीचं चांगलं पीठ फेकून दिलं, डबे उन्हात घातले, फ्रिज पुसला. मी माझे बूट गॅलरीत ठेवले. वास तसाच. मग एकदा चेअरमन सोफ्याखालून बाहेर आले आणि वासही त्यांच्याबरोबर बाहेर आला. नीट बघितलं तर ते दिवसभर पंजे चाटत होते, कान फडफडवत होते, बूड फरशीला घासत होते. पोटाखालचे केस गेले होते आणि तिथली कातडी हत्तीसारखी काळी, जाड आणि चिकट झाली होती.

राजलक्ष्मी म्हणाली, डॉक्टरकडं न्या. मी म्हणालो, डॉक्टर कशाला? आबा बैलांना करंजीचं तेल चोळायचे, खरूज पळून जायची. करंजीचं तेल मिळेना म्हणून मी खोबरेल घेतलं, त्यात कापूर घातला आणि रोज ऑफिसमधून आलो की गॅलरीत बसून चेअरमनना चोळू लागलो. त्याआधी रोज आंघोळ. पुसायचं मात्र नाही, कारण आबा बैलांना ओढ्यात धुवून तसेच सोडून देत.

खरं सांगायचं तर मला ते फार आवडू लागलं होतं. तेलाचा हात पाठीवरून फिरायला लागला की चेअरमन डोळे मिटायचे आणि मला वस्तीवरची दुपार दिसायची. लिंबाखाली बैल, आबांचे कोपरापर्यंत चमकणारे हात, आणि चुलीवरून आईची हाक. मी हळूहळू चोळायचो, म्हणजे ते लवकर संपू नये.

वास दुप्पट झाला. तो जिन्यात उतरला आणि दुसऱ्या मजल्यावर मानसिंगरावांच्या दारापाशी थांबला. मानसिंगराव हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. त्यांनी मला जिन्यात अडवून शांतपणे सांगितलं की तक्रारी आल्यात, रविवारी मीटिंग आहे, कुत्रं गावाकडं पाठवायची तयारी ठेवा. गावाकडं म्हणजे कुलपापुढं. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर रश्मी यांनी चेअरमनचे कान उलटून बघितले. आत तपकिरी मळी होती. त्यांनी कापसाच्या काडीनं ती थोडी काढली, पोटाला चिकटपट्टी लावून उचलली, दोन्ही काचेवर घेऊन, रंग टाकून मायक्रोस्कोपखाली धरलं. मग मलाही बघायला लावलं. शेंगदाण्याच्या आकाराचे निळे ठिपके दिसले, पुष्कळ.

"हे यीस्ट," त्या म्हणाल्या. "एक जातीची बुरशी. थोडी प्रत्येक कुत्र्याच्या कातडीवर असतेच. ओल आणि तेलकटपणा मिळाला की बोकाळते. तुम्ही काय लावत होता?"

मी अभिमानानं सगळं सांगितलं. आबांचं नावही घेतलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही तिला रोज जेवायला घालत होता."

त्यांनी मग नीट समजावलं. चेअरमनना पावसाळ्यात बहुतेक कशाची तरी ॲलर्जी उठते, त्यानं कातडी कमजोर होते, त्यावर यीस्ट, आणि त्यावर मी. कानात घालायला औषध दिलं आणि आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू. अट एकच. फेस अंगावर दहा मिनिटं राहिला पाहिजे, आणि तेवढा वेळ चाटू द्यायचं नाही. मग धुवून बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडं करायचं. खोबरेल, दही, लिंबू, काही नाही. ही बुरशी सहसा माणसाला लागत नाही असंही त्या म्हणाल्या, पण तोवर मी दोन्ही हातांनी खाजवायला लागलो होतो.

मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी शाम्पूची पहिली आंघोळ घातली. फेस झाला आणि चेअरमन उठले. मी म्हणालो, बस. ते बसले नाहीत. बाळा म्हणालो, राजा म्हणालो, बिस्किट दाखवलं. त्यांनी अंग झाडलं आणि माझा चष्मा पांढरा झाला. ते दाराकडं निघाले, मी त्यांच्यापुढं आडवा पडलो, बादली माझ्यावर पडली. आणि मग, कुठून आला कोण जाणे, माझ्या तोंडून आबांचा आवाज निघाला.

"चेअरमन, खाली बसा. सभा संपल्याबिगार उठायचं न्हाय."

चेअरमन बसले. कान मागं गेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं बघितलं, मग परत माझ्याकडं. शेपटी ओल्या फरशीवर एकदा आपटली.

मला थांबवेना. आबा त्यांना जसे दरडावायचे तसंच मी बोलत सुटलो, खर्जात, खाकरत. "काय अवस्था करून घेतली चेअरमन तुमी? प्वाट काळं पडलंय. कानात मळी साचलीया. अंगाचा वास साऱ्या बिल्डिंगीत गेलाय. आन् तरी तोरा हाय तसाच." चेअरमन मान खाली घालून ऐकत होते. माझे डोळे चुरचुरत होते. (शाम्पू गेला होता. थोडा शाम्पू, थोडं दुसरं.)

आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात, हे मी विसरलो होतो.

बेल वाजली. मी तसाच, फेसानं माखलेला, टॉवेल सावरत बाहेर आलो. दारात मानसिंगराव उभे होते आणि त्यांचा चेहरा लाल होता. स्वयंपाकघराच्या दारात राजलक्ष्मी उभी होती, डोक्यावर पदर, हातात चहाचा कप. आबांचा आवाज ऐकला आणि हात आपोआप चालले, असं ती नंतर म्हणाली. चहात साखरही आबांच्या मापानं पडली होती.

मानसिंगराव म्हणाले, "चेअरमनविरुद्ध तक्रार असेल तर तोंडावर सांगावी. माझ्या पोटाचा रंग तुम्ही कधी बघितला?"

तेवढ्यात माझ्या मागून फेसाचा एक ढीग चालत आला आणि त्यांच्या पायांशी बसला.

"हे चेअरमन," मी म्हणालो. "आबांनी ठेवलेलं नाव आहे. दहा मिनिटं झालेली नाहीत अजून."

मानसिंगरावांनी वाकून चेअरमनचं पोट बघितलं. मग त्यांनी राजलक्ष्मीच्या हातातला कप घेतला आणि खुर्ची ओढून बाथरूमच्या दारात बसले. आत मी आबांच्या आवाजात चेअरमनना बसवून ठेवलं, बाहेर त्यांनी घड्याळ धरलं. मधेच ते म्हणाले की इंदापूरकडं त्यांच्या वडिलांकडंही एक कुत्रं होतं, आणि मग कपात बघत राहिले. निघताना विचारलं, "बरं व्हायला किती दिवस लागतील?"

"डॉक्टर म्हणाल्या, काही आठवडे."

"मीटिंगमध्ये मी बोलतो," ते म्हणाले.

ते बोलले. महिन्याभरात वास गेला, पोटावर गुलाबी कातडी आली, मग लव आली. पुढच्या पावसाळ्यात परत उठू शकतं, लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलंय. आठवड्यातली एक आंघोळ आता कायमची. त्या दहा मिनिटांत मी उसाचे भाव सांगतो, पाटाचं पाणी कधी सुटणार ते सांगतो. मला त्यातलं काही कळत नाही, पण आबांना कळायचं. राजलक्ष्मी बाहेर स्टुलावर बसून भाजी निवडते. आवाज बंद झाला की विचारते, संपलं का?

ह्या आवाजाला घरात इतका मान आहे तर त्याचा थोडा उपयोग करावा, असं परवा माझ्या मनात आलं. जेवताना भाजी संपली. मी खाकरलो आणि खर्जात म्हणालो, "सूनबाई, वाईच भाजी वाढा."

राजलक्ष्मीनं मान वर केली नाही. "आबा स्वतः उठून घ्यायचे," ती म्हणाली. "आणि मला वाढून मग बसायचे."

मी उठलो.