आप्पांचा कटर

भिलाआप्पा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी कपड्याकडे. बाहीला दोरा लोंबताना दिसला की खिशातून छोटा कटर निघतो, कट्ट आवाज होतो आणि मग 'रामराम सर'. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी अंतरपाटाचाच दोरा कापला. भटजींची एक ओळ गळाली.

सुरतेत पर्वत पाटियाजवळ तीस वर्षं कापड तपासण्यात गेली, आता रिटायर. नवागामात आमची भिंतीला भिंत आहे. 'दोरा सुटना का कापड गयं!' हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आप्पांचे स्वतःचे दोरे मात्र काकू कापायच्या. त्या गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियानं गेल्या.

यंदा त्यांची मुलगी नोकरीसाठी पुण्याला निघाली आणि आपला पाळलेला शेळो आप्पांकडे ठेवून गेली. शेळो म्हणजे मुठीएवढा काटेरी प्राणी, हात लावला की चेंडू होतो. 'आप्पा, हा गारठला तर झोपेतच जाईल हं,' असं तिनं बजावलं.

झालं! आप्पांनी पिंजरा दारापासून आतल्या भिंतीशी नेला, तीन बाजूंनी पुठ्ठे लावले, थर्मामीटर टांगला. अंथरायला ओळखीच्या कारखान्यातून पोतंभर चिंधी आणली. 'सुरतमा चिंधीले काय तोटा?'

मी हसलो. म्हटलं, "आप्पा, सुरतेला कसली आलीय थंडी!"

आप्पा थर्मामीटरच पुसत बसले.

चौथ्या दिवशी सकाळी भिंतीवर धपाधपा हात पडले. "सर, बेगीन या!"

चिंधीचा एक दोरा शेळोच्या मागच्या पायाला करकचून गुंडाळला होता. पाय सुजला होता. मी त्याला टॉवेलात धरलं. काटे टोचत होते ते वेगळंच. आप्पांचा कटर बरोबर दोऱ्यावरच चालला. थोड्या वेळानं शेळोनं पाय हलवला.

"तीस वरीस दोरा पाह्यात," आप्पा म्हणाले, "अन् हाऊ माले दिसना नही."

दुपारी डोकावलो तर चिंधीचं पोतं दाराबाहेर आणि ट्रंक उघडी. आप्पा काकूंची जांभळी फ्लीसची शाल पिंजऱ्याच्या मापानं कापत होते. कापली तरी एक दोरा सुटत नाही, असं ते कापड. शेवटी दवाखान्यात काकूंच्या अंगावर हीच होती. वर्षभर त्यांनी ती लेकीलासुद्धा धुऊ दिली नव्हती.

"आप्पा, अहो, ही कशाला?"

"तिले थंडी वाजे," ते मान वर न करता म्हणाले. "अन् मी म्हनू, सुरतमा कसानी थंडी!"

मला माझी लाज वाटली. शेळो शालीत शिरला, दोनदा गोल फिरला आणि झोपला. आप्पा पिंजऱ्यावर वाकून त्याचा श्वास बघत राहिले. त्यांच्या बंडीच्या पाठीवर वीतभर दोरा लोंबत होता, कधीपासून कोण जाणे.

मी जमिनीवरचा कटर उचलला आणि तो कापला. आवाज ऐकून आप्पांनी झटकन मागे वळून पाहिलं.

"तुम्ही होय," ते म्हणाले.