अर्ध्या पिक्चरचा थांबा

नायिकेच्या हातातला दोर सुटत आला होता, खाली दरी होती आणि आमच्या पौडातली आळीभरची पोरं श्वास रोखून बसली होती. नेमके तेव्हाच बापू ढमाले उठले, टीव्हीच्या खोक्याची लाकडी दारं ओढून घेतली आणि म्हणाले, "जेवणाचा थांबा. समद्यांनी खाली उतरा. गाडी अर्धा तास थांबंल."

मी शेजारीण म्हणून विरजण मागायला गेले होते. ते मागायचं राहूनच गेलं. त्यात कहर म्हणजे दारं लावली तरी टीव्ही त्यांनी बंद केला नव्हता. आतून किंकाळ्या आणि घोड्यांच्या टापा ऐकू येत होत्या, आणि अंगणात पोरं हुतुतू खेळत होती. एक डोळा रेघेवर, एक कान घरात. मुलांना असं छळणारा माणूस मी पाहिला नव्हता.

बापू एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी घर एसटीच्या शिस्तीनं चाले. पाहुणा आला की "या, बसा" नाही, "पुढं सरका, मधी जागा हाय." बायकोनं, म्हणजे सरूकाकींनी, भात जास्त वाढला की "ओव्हरलोड." एखाद्याशी बोलणं टाकलं की "त्या मार्गावरची फेरी रद्द."

त्या वर्षांत आमच्या आळीत टीव्ही एकच, बापूंचा. पिंपरीला कारखान्यात असलेल्या मुलानं आणून दिलेला. रविवारी संध्याकाळी सगळी पोरं त्यांच्याकडे. पण आत शिरायला तिकीट लागे, आणि तिकीट म्हणजे झाडाचं पान. एकदा आणलेल्या झाडाचं पान पुन्हा चालत नसे. बापू ते उलटंसुलटं बघत, झाडाचं नाव विचारत आणि जुन्या बाजारातून आणलेल्या कंडक्टरच्या तिकीट-चिमट्यानं त्याला भोक पाडत. आंबा, चिंच, जांभूळ संपल्यावर पोरं शनिवारपासूनच टेकडीवर हिंडायला लागली. एकानं आळस केला.

"कुटलं झाड हे?"

"बाईंची तुळस."

त्याला मागच्या सीटवर, म्हणजे उंबऱ्याबाहेर बसवलं.

बाई म्हणजे मीच; गावातल्या शाळेत शिकवत होते. सोमवारी निम्मा वर्ग अभ्यास न करता यायचा, म्हणून पालकांच्या बैठकीत टीव्हीला आवर घाला असं मीच सांगितलं होतं. तरीही मला हे बघवेना. दुसऱ्या दिवशी बापूंना गाठलं.

"बापू, त्यापेक्षा टीव्ही बंदच ठेवा. असं मध्येच उठवणं बरं नाही."

"बंद गाडीत कोन बसंल, बाई? पोरं दुसऱ्याच्या दारात जात्याल. हितं यिऊ द्यायचं, बसू द्यायचं, आन् मग उतरवायचं. आपलं आपण उतराया शिकली पायजेत."

"पण परत आत येईपर्यंत पिक्चर संपलेला असतो. पुढं काय झालं ते कळत नाही हो त्यांना."

"मला तरी कुटं कळतंय? मी बी भाईरच आसतो."

हे मात्र खरं होतं. तो अर्धा तास बापू अंगणात दगडावर बसत. खेळून दमलेली पोरं भोवती जमत आणि आतल्या आवाजांवरून पुढची गोष्ट रचत. दरीवरची नायिका एका मुलीनं थेट मुळशीच्या धरणात पाडली, पोहत पलीकडे नेली आणि ताम्हिणीला एसटीत बसवली.

बापूंनी गंभीरपणे विचारलं, "तिकीट काढलं का तिनं?"

एका पोराचा बाप तावातावानं आला. "आमचं पोरगं झोपंना झालंय, बापू. सारखं इचारतंय, ती बाई मेली का जगली."

"त्यालाच इचार. त्यो ठरवंल ते खरं."

बाप तसाच परत गेला. परीक्षा जवळ आल्या तोवर माझं मत बदललं होतं. वर्गात पोरं नवनवी झाडं सांगत होती, न बघितलेले पिक्चर रंगवून सांगत होती. मी बापूंना म्हटलं, "सुट्टीतही हे असंच चालू ठेवा."

बापूंनी माझ्याकडे बघितलंच नाही. "मे मधी परीक्षा हाय," म्हणाले आणि उठून आत गेले.

"सुट्टीत कसली परीक्षा?" मी सरूकाकींना विचारलं.

काकी तांदूळ निवडत होत्या. "ह्येंचीच. गेल्या मे मधी नातवंडं आली हुती. टीव्ही लागंस्तवर कंटाळली, लागला की मान वळवंनात. जाताना आमाला इसरली आन् टीव्हीला टाटा केला. ह्येंची नोकरी मुक्कामाच्या गाडीवर गेली, बाई, रात भाईरगावीच. पोरगं कवा वाढलं, बघाया गावलं न्हाई. आता नातवंडं बघायची तर ती पाठमोरी. तवापासनं आळीतल्या पोरांवर हात बसवत्यात."

म्हणजे हा माणूस वर्षभर तालीम करत होता.

मेमध्ये नातवंडं आली. नात दहाएक वर्षांची, नातू तिच्याहून लहान. पहिल्याच रविवारी मी मुद्दाम गेले. ती दोघं पुढं बसली होती, त्यांना पान माफ होतं. पिक्चर ऐन रंगात आला तसे बापू उठले. आळीतली पोरं सवयीनं बाहेर गेलीसुद्धा. बापूंनी टीव्हीच्या दाराला हात घातला.

"आजोबा, बंद करू नका ना," नातू म्हणाला.

बापूंचा हात तिथंच राहिला. मग, माझा विश्वास बसेना, ते दार तसंच उघडं ठेवून येऊन खाली बसले. वर्षभराची मेहनत एका वाक्यात गेली. बाहेर हुतुतू सुरू झाला. आत ती दोन डोकी टीव्हीकडे, आणि मागं बापू.

बऱ्याच वेळानं नातीनं विचारलं, "बाहेर कसला आवाज येतोय?"

"काय न्हाई. तू बघ."

तिनं आणखी थोडा वेळ बघितलं. मग उठून दारापर्यंत गेली. पोरांनी तिला घेरलं, कारण पुढचं बघून बाहेर आलेली ती एकटीच. ती सांगायला लागली आणि बघता बघता तिच्या गोष्टीत वाघ आला.

बापू नातवाच्या कानाशी वाकले. "पिक्चरात वाघ हुता का रं?"

नातू गर्रकन वळला. "नव्हता. काहीही सांगतेय ती."

"मग काय झालं? मी बघितलंच न्हाई. माझं ध्यान नव्हतं."

"अहो आजोबा, तो पोलीस असतो ना, तो खरा त्याचा भाऊ असतो..." टीव्हीकडे पाठ करून, मांडी घालून तो सांगायला लागला. मागं पिक्चर संपला, बातम्या लागल्या. नातवाची धांदल उडाली होती, नावं उलटीसुलटी होत होती.

"सावकाश सांग," बापू म्हणाले. "मला काय घाई न्हाई."