गणेशची तेरवी

"नाटक संपलं की कोणी उठायचं नाही. मग आपण सगळ्यांनी बोलायचं," असं मनालीने डोणगावच्या शाळेच्या पटांगणात आधीच बजावलं होतं. पुण्याला नाटक शिकून आलेल्या या पोरीचा प्रेक्षकांशी गप्पा मारण्यावर भारी जीव. पण मंडपवाले अब्दुल गनी पडले रोखठोक.

"गाव बोललं, तं पुढच्या खेळालेही मंडप देतो, बेटा. नाही बोललं, तं तू पुन्याले आन मंडप गोदामात!"

नाटकात गणेश नवरा, मनाली बायको. नवरा मेला, बायकोने हंबरडा फोडला आणि दिवा विझला. मनाली डोळे पुसत पुढे आली.

"आता बोला. काय वाटलं?"

टाळी नाही, खोकला नाही. कडेवरचं पोरदेखील कुरकुरेना. मग म्हाताऱ्या तानाबाई उठल्या आणि त्यांच्यामागे सगळं पटांगण उठलं. फाटकाजवळच्या कडुनिंबाचा पाला एकेकाने तोडला, चावला आणि अंधारात पाऊल टाकलं. कोणी "येतो" म्हटलं नाही, कोणी मागे वळून पाहिलं नाही. मनाली गनीचाचांकडे धावली.

"चाचा, हे काय होऊन राह्यलं?" घाबरल्यावर तिची पुणेरी भाषा पार पळाली.

गनीचाचा मंडपाच्या दोऱ्या मोजू लागले.

सकाळी गणेश टपरीवर गेला. टपरीवाल्याने चहा ओतायचा सोडून उदबत्ती लावली. गणेश धावतच पटांगणात आला.

"मनाली, चिमटा काढ बे! मी जित्ता हाओ ना?"

गनीचाचा मंडपाची गाठ सोडत होते. मनालीला भरून आलं. संपलं सगळं. तेवढ्यात फाटकातून तानाबाई आल्या, मागे झाकली ताटं घेऊन बायका. त्यांनी मनालीपुढे पिठलं-भाकरी ठेवली.

"खाय माय. काल तुह्या घरी चूल पेटली नसन."

"आजी, ते नाटक होतं!"

"मले काय समजत नाही? पन तू रडली, ते तं खरं होतं ना? मौतीत कोनी टाळ्या वाजवते काय? मौतीतून मानूस निंबाचा पाला चावून, न सांगताच घरी जाते. आन तिथं बोलावं तरी काय मानसानं?"

मनालीने घास तोंडात घातला आणि ती पुन्हा रडली. या खेपेला दिवा विझवायला कोणी नव्हतं. गणेशने हळूच भाकरीकडे हात नेला, तर त्यावर तानाबाईंची चापट बसली.

"तू काऊन हात घालून राह्यला बे? तुह्यं तेरवीले!"

मग तानाबाई मनालीकडे वळल्या. "तेराव्या दिवशी, तेरवीले सारं गाव येते. त्या बाईचं पुढं काय झालं, ते दाखवजो. मंग बोलू."

गनीचाचांनी सोडलेली गाठ पुन्हा बांधली.

"आन मले काय काम?" गणेशने विचारलं.

"तुले काय काम?" तानाबाई म्हणाल्या. "तू फोटोत."